साहेबांच्या कानावरची मेथी

आमच्या साहेबांच्या डाव्या कानाच्या खोलगट भागात कायम एक मेथीचा दाणा चिकटवलेला असे. वरून पांढरी चिकटपट्टी. विमा कंपनीच्या जयपुरातल्या मालवीय नगरच्या ऑफिसात ते मॅनेजर आणि मी त्यांच्या हाताखाली. पाठीमागे सगळे त्यांना 'मेथी साब' म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा दिल्लीहून वरिष्ठ येणार म्हणून मी भीतभीत म्हटलं, "सर, आजच्यापुरता काढून ठेवता का?"

"का? चोरी केलीय का मी?" ते कडाडले. "ओढत होतो तेव्हा धूर लपवला नाही. आता सोडतोय ते लपवू होय?"

धूर खरंच कधी लपवला नव्हता. त्यांच्या सहीच्या कागदांनासुद्धा सिगरेटचा वास यायचा. ती सोडायला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी अर्ध्यावर टाकल्या होत्या. बाईसाहेब गेल्यापासून त्यांना दटावू शकेल असं माणूस एकच, त्यांची लेक मृणाल. ती जयपुरातच वाढलेली. बाळंतपणाला माहेरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबा, मतलब साफ सांगते. सिगरेटचा वास आला ना, तर बाळाला हात नाही लावायचा."

तेव्हा साहेब बनी पार्कातल्या एका बाईंकडे गेले. त्या कानात बारीक सुया टोचत आणि निघताना मेथीचा दाणा चिकटवून देत. त्यांनी काही आमिष दाखवलं नाही. "सुई सिगरेट नहीं छुड़ाएगी, भाईसाहब. छोड़ेंगे आप. तलब उठे तो दाना दबाइए, जब तक तलब बैठ न जाए."

मग साहेब दाबू लागले. भर मीटिंगमध्ये तलफ आली की डोळे मिटून दाणा दाबत बसायचे. चेहरा लाल व्हायचा, घाम फुटायचा, मीटिंग तिथेच थांबायची. थोड्या वेळाने डोळे उघडून "हाँ, आगे" म्हणायचे. एक सहकारी एकदा बोललाच, "सर, इसका कोई सबूत नहीं है. सब वहम है."

"होगा," साहेब म्हणाले. "सिगरेट से दिमाग चलता है, वो भी तो वहम ही था. सारी उमर उसे पाला, अब इसे पालूँगा. इससे खाँसी तो नहीं होती."

पुरावा मलाही माहीत नाही, आणि मी शोधायलाही गेले नाही. त्या दाण्यावर दाबून पांढरं पडलेलं बोट मी पाहिलं होतं, मला तेवढं पुरे होतं.

नात झाली आणि त्याच आठवड्यात साहेब घसरले. आम्ही जयपूरजवळच्या चौमूंला कामासाठी गेलो होतो. आजोबा झाल्याबद्दल तिथल्या एजंटने कौतुकाने सिगरेट पुढे केली, आणि साहेबांनी ती ओढली. परतताना गाडी थेट बनी पार्कला घ्यायला लावली, नवा दाणा चिकटवून घेतला. संध्याकाळी लेकीला स्वतःहून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातही. लोक हसले.

"हसा," ते मला म्हणाले. "पडलो तर पडलो. उठायला काय कुणाची परवानगी काढायची?"

मृणालने मात्र त्यांना खोलीत येऊ दिलं नाही. बारशापर्यंत नात बघायची ती दारातूनच. मग हा माणूसही हट्टाला पेटला. दोन-तीन दिवसांनी दाणा काढून कानाला विश्रांती द्या, असं बाईंनी बजावलं होतं. हे कसले काढतात! आंघोळही तशीच, झोपही तशीच. बारशाच्या दिवशी मृणालने त्यांची बोटं हुंगली, कॉलर हुंगली, मग कानाकडे पाहिलं. पट्टीखालून मेथीचा इवलासा कोंब बाहेर आला होता. कान सुजून लाल झाला होता.

"बाबा, कानात शेती?" म्हणत ती हसली, हसता हसता रडली आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. पोरीने पहिल्यांदा मुठीत धरला तो तोच सुजलेला कान. साहेबांनी मान आणखी खाली केली. पुढे नातीला, ओवीला, तीच सवय लागली. आजोबांचा कान धरल्याशिवाय ती झोपायची नाही.

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा मी विचारलं, "सर, पुन्हा ओढलीत तर?"

"तर तुला फोन करीन. लपवायचो नाही. एरवी तूच करत जा. माझा फोन आला की समज, ओढली बघ."

मी दर सणाला फोन करत राहिले. त्यांचा कधी आला नाही. मग परवा सकाळी मोबाइलवर 'साहेब' असं नाव उमटलं. ओढली! एवढी वर्षं काढून शेवटी ओढलीच! मी रागावायच्या तयारीनेच फोन उचलला.

पलीकडे मृणाल होती. "ताई, बाबा गेले. रात्री झोपेतच. तुमचा नंबर बाबांच्याच फोनमध्ये होता..."

जुन्या सहकाऱ्यांना मीच कळवलं. त्यातला एक म्हणाला, "बेचारे. इतनी मेथी चिपकाई, आखिर फायदा क्या हुआ?"

फायदा काय झाला ते ओवीला विचार, म्हटलं. आणि एवढ्यावर समाधान होत नसेल तर हेही ऐकून ठेव. साहेबांनी मला एकदाही फोन केला नाही.