कडं टिकलं, नळ फाटला

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आमच्या चावडीवर लोहारीण मावशीवर अन्याय झाला. तापीकाठच्या पाणी चढवणाऱ्या इंजिनाचा पोलादी नळ सकाळी फाटला आणि पंचांनी तिच्या घराचं बलुतं तोडलं. का, तर नळाचे दोन तुकडे जोडणारं कडं तिनं बसवलं होतं.

मावशी आधी ऐकू येई, मग दिसे. नवरा सांडशीत लोखंड धरी, घण ती मारी, आणि दोघांच्या वाट्याचं बोलणं तीच बोले. प्रकाशा गावापर्यंतच्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा तिच्या हातच्या. टोकांवरची काजळी झाडल्याशिवाय ती सांध्यावर घण टाकत नसे. "धूळ खायेल लोखंड एक व्हत नही," म्हणायची, "भाऊबंदसारखं नुसतं शेजारे बसस."

नळ आला तेव्हा तिनं त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. कारखान्यात पत्रा गुंडाळतात, कडा तापवून दाबतात. ताप किंवा दाब कमी पडला तर कडा चिकटतात, एकजीव होत नाहीत. वरून मात्र पक्का आणि कच्चा, दोन्ही नळ सारखेच दिसतात. हा नळ काठावर वाकवायचा होता. ती मोठ्या पाटलांना म्हणाली, "तापाडीसन वाकाडा, पाटील. शिवण कुशीवर ठेवा. तुम्हनी बंडीनी शिवण कोठे शे? पाठवर शे का?"

पाटील हसले. "मावशी आते नळले बंडी शिवी ऱ्हायनी."

आखाजीला पाणी चढलंच पाहिजे, अशी घाई. नळ चिंचेच्या बुंध्याला अडकवला आणि बैलजोडी लावून थंडाच ओढला, बांबू वाकवावा तसा. शिवण नेमकी वाकाच्या बाहेरच्या अंगाला, जिथं सगळा ताण येतो तिथं. पाणी चढलं, गूळ वाटला. दुसऱ्या सकाळी नळ शिवणीवर उभा फाटला.

मी तिथं होतो. चीर वाकावर होती. कडं हातभर खाली, शाबूत. मावशीनं सगळ्यांदेखत कड्यावर घण घातला. ते हललं नाही.

"कारखानाना माल शे," पाटील म्हणाले. "तो कसा फाटी?"

"कारखानाम्हा बी मान्सेच शेतस. मी मन्हं काम ठोकी दखाडं, पाटील. तुम्हीन नुसता बैल दखाडात."

संध्याकाळी भाता गाडीत चढला आणि गाडी खापर गावाच्या वाटेला लागली. जाताना मला म्हणाली, "तू कागद छापस ना? छाप. पन पहिले हात लायीसन देख."

हात लावून पाहिला, म्हणून छापतो आहे. नळ अजून चिंचेखाली पडला आहे. तुम्हीही जा, चिरेत बोट घाला, कड्यावर हातोडा मारा. मग चावडीवर उभं राहून पाटलांना सांगा: तीच बैलजोडी जुंपा आणि मावशीचं बिऱ्हाड खापरहून परत आणा.