पोटरीवरचं तेल

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही.

नागपुरात माझा छोटा दवाखाना आहे. कुहीहून सुमनबाई आल्या होत्या, सोबत त्यांची पल्लवी — कॉलेजात जाणारी, एकुलती एक. तिच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि पोटरी सुजली होती. शिरेत रक्ताची गुठळी तर नाही ना, हे बघायला मी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तपासणीच्या पट्टीवर टाकला. एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर लगेच सोनोग्राफीला पाठवायचं. पट्टीला थोडा वेळ द्यावा लागतो. मी दिला का? बाहेर गर्दी होती, आणि सुमनबाईंचं ‘काही होणार तर नाही ना जी?’ थांबतच नव्हतं. मी वैतागलो. एकच रेघ बघितली आणि सगळ्यांदेखत त्यांना झापलं — उगाच घाबरता, प्लास्टरनं पाय आखडलाय, तेल लावून चोळा.

त्या ओशाळून हसल्या आणि पोरीला घेऊन गेल्या.

मग ट्रे आवरताना — दुसरी रेघ दिसली. फिकट, पण होती. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोन हातात घेतलाही — खरंच घेतला. पण सांगणार काय? की मघाशी झापलं ते माझंच चुकलं? सकाळी करू म्हटलं. सकाळी म्हटलं, दुखलं तर येतीलच. पट्टी कचऱ्यात टाकली.

पल्लवी त्याच आठवड्यात गेली. एकाएकी श्वास कोंडला. दवाखान्यात नेता नेता वाटेतच.

काही दिवसांनी सुमनबाई आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या असतील. त्या मात्र स्वतःच्या तळहातांकडे बघत बसल्या. ‘तुमी सांगतलं तसंच रोज चोळून देत होती मी, साहेब. माह्या हातून काही कमी पडलं का?’

गुठळी असलेला पाय चोळला की ती सुटून वर फुप्फुसात जाऊ शकते. हे मला माहीत होतं. मी म्हणालो, ‘नाही. तुम्ही बरोबर केलंत.’

खरं सांगून त्या माऊलीला जन्मभर जाळायचं कशाला — ही सबब मी बरीच वर्षं स्वतःला ऐकवली. खोटी आहे. मी त्यांना नाही, मला वाचवलं. भ्याड होतो — अजूनही आहे.

त्या अजून बीपीच्या गोळ्यांसाठी येतात. बाहेर बाकावर एखादी नवी बाई दिसली की तिला सांगतात, ‘घाबरू नको वं, साहेब बराबर तपासतेत.’

मी आत बसून ऐकतो, आणि पुढच्या पेशंटला बोलावतो.