तीन वेळा घातलेलं गाऱ्हाणं

"काका, एकदा परत. आणि शर्ट काढा."

हे बोलला तो कॅमेरावाला. वय माझ्याएवढंच, सव्वीस-सत्तावीस. ज्यांना बोलला ते माझे बाबा. वय त्रेसष्ट. हातात नारळ, समोर राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड, मागे गावातली चाळीसेक माणसं.

बाबांना ऐकू आलं, पण कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूलाच उभी होते. कंपनीचा पांढरा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. गावाशी काही बोलायचं असलं की मॅनेजर साहेब मला पुढे करत. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सांग ना त्यांना. मघाशी उजेड नव्हता. उघड्या अंगाने जास्त अस्सल वाटेल."

मी सांगितलं. माझ्या बापाला मी सांगितलं, "बाबा, परत एकदा घाला. आणि शर्ट काढा."

"गाराणां दोनदा घालूचा नसता गो बाय."

"कॅमेऱ्यासाठी हो बाबा. लवकर आटपूया."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. गावात काही नवं सुरू करायचं तर आधी राखणदाराच्या कानावर घालायचं. राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा देव. गावाच्या वतीने एक माणूस बोलतो आणि प्रत्येक बोलण्यामागून जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे एकदाच. देव बहिरा असल्यासारखं त्याला पुन्हा पुन्हा सांगायचं नसतं. आमच्या गावात बोलायचा मान आमच्या घराकडे. आधी आजोबा बोलत, मग बाबा.

बाबांनी शर्ट काढला. मग कॅमेरावाला म्हणाला, "बनियन पण." तोही काढला. त्यांच्या छातीवरचे पांढरे केस मी घरात रोज बघते. त्या सकाळी मला बघवेनात.

थोड्या अंतरावर मोठी छत्री लावून खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे पात्रांव बसले होते. खाणमालकाला आमच्याकडची जुनी माणसं अजून पात्रांव म्हणतात. खाण बंद पडली, पात्रांव राहिले. आता गोल्फचं मैदानही तेच आणणार होते. ते हसून म्हणाले, "देवाला दोनदा ऐकू दे रे. काम पक्कं होईल."

खुर्च्यांवरचे सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना हात अडतो, पण हसले.

दुसऱ्या वेळी मध्येच कुणाचा तरी मोबाईल वाजला. म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी बाबांचा आवाज चिरकला. मागची माणसं मात्र तिन्ही वेळा तेवढ्याच जोरात "व्हय म्हाराजा" म्हणाली. त्यात त्यांची काय चूक? गाऱ्हाणं सुरू झालं की आमचं तोंड आपोआप चालतं. समोरचा काय बोलला ते नीट ऐकायच्या आत होकार बाहेर पडलेला असतो. लहानपणापासून तशीच सवय आहे. आपला माणूस आपल्या देवाशी बोलतोय, त्यात फसवणूक कसली असणार?

फसवणूक होती. ती मी लिहिली होती.

*

आमचं गाव गोव्यात, पाळीच्या पुढे. बाबा खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचे. खाणी बंद झाल्या आणि टिपर दारात उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या टायरांत पावसाचं पाणी साचायचं, आई ते दर आठवड्याला ओतून टाकायची. जवळच्या साखळीच्या बाजारात मी कॉलेजला असताना चहाच्या गाड्यावर उभं राहायला जागा नसायची. खाणीची माणसं सकाळीच पातळ भाजी नि पाव खाऊन कामावर जात. मग एकेक शटर खाली आलं. गॅरेज गेलं, स्पेअर पार्टवाला गेला, टायरवाला म्हापशाला गेला. माझ्या वर्गातले मुलगे पणजीच्या कॅसिनोंत दारं उघडायला उभे राहिले. बी.कॉम. होऊन मी तीन वर्षं घरात.

मग गोल्फ आलं. गाव पुन्हा उभं राहील, असं सांगत आलं. बंद खाणीला लागून आमचा सडा आहे. जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर गावची गुरं चरतात, पोरं फुटबॉल खेळतात. पावसाचं पाणी त्या सड्यातच मुरतं आणि खाली झर होऊन निघतं. त्या झरीवर आमच्या माडा-पोफळींच्या बागा, म्हणजे कुळागरं, उभी आहेत. त्या सड्यावर हिरवळ करायची, अठरा भोकं पाडायची, देशोदेशीची माणसं खेळायला येतील, दुकानं उघडतील. पण सड्याला हात लावायचा तर ग्रामसभेने हो म्हणायला हवं होतं.

मला नोकरी मिळाली ती युवा समन्वयकाची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. काम एवढंच, की शाळाशाळांतून फिरायचं आणि पोरांना गोल्फची गोडी लावायची. कंपनीने खाणीच्या जुन्या पार्किंगमध्ये जाळी लावून सरावाची जागा केली होती. सुरुवातीला एक पोर फिरकेना. "टीचर, हो म्हाताऱ्यांचो खेळ," म्हणायची. मी टी-शर्टचं आमिष दाखवलं, भाजी-पावाचं दाखवलं. हळूहळू तीस पोरं यायला लागली.

खरं सांगते, मला तो खेळ आवडला. लपवायचं कशाला? पोरांना दाखवायचं म्हणून मी स्वतः शिकले. सुरुवातीला दांडा जमिनीवर आपटून मनगट सुजलं. मग एके दिवशी चेंडू बरोबर बसला. हाताला काही जाणवलंच नाही, नुसता आवाज आला, आणि चेंडू जाळीच्या वरच्या दोरीला लागला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मोठ्या माणसांची एक गोष्ट माझ्याही हातात येऊ शकते. त्या खुळात मी दोन वर्षं राबले.

सड्यावर त्या चित्रीकरणाचं ठरलं तेव्हा साहेबांनी मला एक इंग्रजी कागद दिला. "तुमच्या त्या पारंपरिक भाषेत कर. वडिलांकडून पाठ करून घे." त्यात भरभराट, एकोपा, आशीर्वाद असले शब्द होते. आणि एक वाक्य होतं. ते मी असं केलं: "ह्या सड्यार जा काय नवा उभा रवतला, ता गावान खुशीन आपला म्हणान घेतला आसा, तेका यश दी रे म्हाराजा."

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "ह्या 'घेतला आसा' कित्याक? गावान खंय घेतला?"

"शुभेच्छा आहे बाबा. बोलायची पद्धत."

'घेतला आसा' म्हणजे गावाने होकार दिलाच आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी कळून घेतलं नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला त्याच वेळी माहीत होता.

*

चित्रीकरणानंतर पंधरा दिवसांनी ऑफिसात पाहुणे आले. पैसे गुंतवणारे. मी पोरांचा तक्ता घेऊन आत गेले. कोण किती लांब मारतं, कोणाची नजर चांगली, सगळं मी हाताने लिहिलेलं. त्यातल्या एका पाहुण्याने विचारलं, "ही तीस मुलं पुढे स्पर्धा खेळणार?"

साहेब इंग्रजीत म्हणाले. तो इंग्रजी कागद त्यांनीच मला दिला होता, पण मी खोलीत आहे हेच त्यांच्या लक्षात नसावं.

"चार-पाच खेळतील, फोटोपुरती. बाकीच्यांना खेळाचे नियम कळले की झालं. उद्या खेळाडूंच्या बॅगा उचलायला शिकलेली पोरं गावातच तयार. कॅडी बाहेरून आणायला नकोत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पात्रांवही होते. ते म्हणाले, "ह्यांचे आजे आमच्याकडे टोपल्या उचलायचे. उचलण्यात ही माणसं प्रामाणिक."

माझा आजा खाणीत डोक्यावर टोपली वाहायचा. गाऱ्हाणं घालणारा तोच माझा आजा.

मी काय केलं? तक्ता टेबलावर ठेवला, चहाचे कप गोळा केले, बाहेर आले. कप गोळा करणं माझं काम नव्हतं. तरी केले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. माझं तोंड कुणी दाबलं नव्हतं, मीच दाबून धरलं होतं. घरात एकटी माझीच नोकरी होती, हे कारण खरं आहे. पण कारण खरं असलं म्हणून लाज कमी होत नाही.

*

रविवारी सकाळी ग्रामसभा. पंचायतीचा हॉल गच्च भरलेला. सड्यासाठी ना-हरकत दाखला द्यायचा की नाही, एवढाच विषय. भिंतीवर पडदा लावला होता. साहेब पहिल्या रांगेत, मी कोपऱ्यात लॅपटॉपवर. बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

साहेब म्हणाले, "गावाने आपला निर्णय आधीच देवासमोर दिलेला आहे. आपणच बघा."

मी बटण दाबलं. माझ्याच बोटाने.

पडद्यावर बाबा. उघड्या अंगाने, पडद्याएवढे मोठे. तिसऱ्या वेळचं चित्रण निवडलं होतं, चिरकलेल्या आवाजाचं. ते माझं वाक्य आलं. मागून चाळीस माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि खाली अक्षरं उमटली: गावाची एकमुखी संमती.

माणसं पडद्यावर स्वतःला शोधत होती. मग आमच्या शेजारचे काका वळले. साहेबांकडे नाही, बाबांकडे. "तूच घातलंय मरे गाराणां. गाव इकून टाकलंय."

बाबांनी मान खाली घातली. खिशाला बटण नव्हतं, तरी बोटं तिथेच काहीतरी चाचपत राहिली.

तिथे माझं सुटलं. धाडस वगैरे काही नव्हतं. ज्या माणसाला मी तीनदा उभं केलं, त्याला आता माझ्या पापासाठी गाव धुणार, आणि मी कोपऱ्यात बटणं दाबत बसणार? मी लॅपटॉप फटकन मिटला.

"ते वाक्य माझं आहे," मी म्हणाले. "ऑफिसने सांगितलं, मी लिहिलं. बाबांना मी शुभेच्छा म्हणून सांगितलं. त्यांना तीन वेळा बोलायला लावलं. कपडे काढायला लावले. तुम्ही व्हय म्हटलंत ते राखणदाराला. कंपनीला म्हटलं नाहीत."

साहेब उठले. "बस खाली. तू आमची स्टाफ आहेस."

"म्हणूनच मला माहीत आहे."

"पोरांना घेऊन एवढी फिरलीस, आता तुला उपरती झाली?"

"पोरांना तुम्ही बॅगा उचलायला ठेवणार. मी खोलीत होते, साहेब. मला इंग्रजी येतं."

मागे कल्ला झाला. सरपंच मेजावर हात आपटत होते. ते मला म्हणाले, "तोंडी काय नको. लेखी दी."

मी लेखी दिलं. सचिवाकडून कागद मागून घेतला आणि तिथेच, बाकावर टेकवून, उभ्याने लिहिलं. कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, किती वेळा बोलायला लावलं. खाली माझी सही. मान वर केली तेव्हा बाबा निघून गेले होते.

*

ग्रामसभा पुढे ढकलली. ठराव फेटाळला गेला नाही, मंजूरही झाला नाही. चित्रफीत कंपनीकडे आहेच. सोमवारी मी टी-शर्ट आणि ओळखपत्र देऊन आले. गेटवरच्या रखवालदाराने ते घेतलं, आत जाऊ दिलं नाही.

शिमग्याला गावाने गाऱ्हाण्याचा मान बाबांच्या चुलतभावाला दिला. कुणी भांडलं नाही. फक्त आमच्या दारात सांगावा आला नाही. बाबा त्या दिवशी दिवसभर टिपरच्या केबिनमध्ये जाऊन बसले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे झालं."

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ तळव्याने पुसली. मग म्हणाले, "तिसऱ्या खेपेक माका कळला होता. तरी घातलंय. तुझी नोकरी जायत म्हणान."

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी चहा तिथेच ठेवून परत आले.

आता मी घरोघर फिरते. त्या चाळीस जणांकडे. प्रत्येकाने आपल्या हाताने लिहून द्यावं, की मी देवाला व्हय म्हटलं, सड्याला हात लावायला नाही. अकरा जणांनी दिलंय. काही जण दार लोटून घेतात. शेजारच्या काकांनी कागद वाचला आणि परत दिला, म्हणाले, बघूया. बाबांनी अजून सही केलेली नाही. मी मागितलीही नाही. त्यांना काही सांगायचा माझा हक्क मी घालवलाय.

परवा माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाच्या आईने मला उंबऱ्यावरच अडवलं. "तू शाणी जालंय. पण गोल्फ गेला तर माझ्या पोरग्यान करूचा काय? तुझ्याकडे काम आसा तेका द्यायाक?"

नाही. माझ्याकडे काम नाही. साखळीची शटरं उघडायची कशी, मला माहीत नाही. बाईचा प्रश्न खरा आहे, आणि तो ऐकून मी गप्प झाले. आमची सगळ्यांची हीच गत आहे. प्रश्न विचारला की आम्ही गप्प होतो, आणि गप्प बसलो की पात्रांव त्याचा होकार धरतात. आज्यापासून हेच चाललंय. टोपलीला होकार, टिपरला होकार, आता बॅगेला.

पुढच्या ग्रामसभेत मी पहिल्या रांगेत बसणार आहे. साहेब विचारतील, गोल्फ नको तर मग काय हवं. मी सांगणार आहे की मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचा अर्थ हो असा लिहून घ्यायचा नाही. सचिव ते इतिवृत्तात घालेपर्यंत मी खाली बसणार नाही.