कुणाच्या पाठीवर न बसणारा

उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर माझ्या साडूइतका देश हिंडलेला माणूस झाला नाही, आणि त्याचे दोन्ही पाय कमरेपासून लुळे होते. यात मी काही वाढवून सांगत नाही. दुसरीतूनच शाळा सोडल्यामुळं वाढवून लिहायची विद्या माझ्यापर्यंत पोचलीच नाही. लोक एकदा काशीला जाऊन येतात आणि जन्मभर तेच सांगतात. हा काशी, दिल्ली, रामेश्वर करून आला, ओट्यावर जाळं विणायला बसला आणि कुणी विचारलंच तर म्हणाला, "मुलूख बरा हाय. पायऱ्या जास्ती घातल्यात."

तरुणपणी तो डोलकाठीवरून होडीत पडला आणि पाठीचा कणा मोडला. किनाऱ्यावरून घरापर्यंत मीच त्याला पाठीवर घालून आणला. वाटेत शुद्धीवर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "साडू, पाठीवर पोरं बसतात न्हायतर गोणी. आज बसलो, परत न्हाय." आम्हाला वाटलं, दुखण्यात बोलतोय. पण त्यानं तो शब्द वर्षानुवर्षं असा सांभाळला की वाडीत शपथ घ्यायची तर लोक त्याच्या पाठीची घेऊ लागले. पुढं देश स्वतंत्र झाला. वाडीत झेंडा लागला, साखर वाटली. हा चिमूटभर साखर तोंडात धरून म्हणाला, "इंग्रज गेला, म्हंजे सगळा मुलूख आपला. मंग आपला मुलूख बघून घ्याया नको?" त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी मेव्हणी, म्हणाली, "आधी परसात जाऊन दाखवा." तो हसला आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

खुर्ची मी केली. वाडीतल्या होड्यांची डागडुजी माझ्याकडे असायची, त्यामुळं मला जे काही करता यायचं ते होडीसारखंच व्हायचं. सागवानी फळ्या, सांध्यांत कापूस आणि राळ, बैठकीखाली सामानाला बंद पेटी, मागं सायकलची दोन चाकं, पुढं हातगाडीचं एक लहान. साडूनं सांध्यावरून बोट फिरवून विचारलं, "पाणी न्हाय ना शिरणार?" मी म्हटलं, "थेंब न्हाय." "मंग झालं," म्हणाला, जणू दिल्लीला समुद्रानंच जायचं होतं.

आता पायऱ्या चढायच्या कशा? तर होडी ओढतात तशा. खाली तेल लावलेल्या दोन फळ्या, पुढं दोर, आणि हाकाऱ्यासरशी सगळ्यांनी ओढायचं. आमच्याकडे होडी वर घ्यायची असली की जाणाऱ्यायेणाऱ्यानं दोराला हात लावायचाच, मग तो मुंडावळ्या बांधलेला नवरा का असेना. साडूचं तत्त्वज्ञान एवढ्याच एका चालीवर उभं होतं. "उचलेल त्याला कीव येते," तो म्हणायचा, "ओढेल त्याला न्हाय. होडीची कीव केलेली ऐकलीस कधी?" पावसाळाभर जाळी विणायचा, दिवाळी सरली की निघायचा. आगबोटीत माणसं चढायच्या शिडीनं उचलून न्यायला खलाशी पुढं आले तर यानं नकार दिला आणि माल चढवायच्या यारीला खुर्ची बांधून घेतली. सुक्या मासळीच्या करंड्यांच्या मधोमध हा वर लटकत चाललाय, खाली मेव्हणी डोळ्यांना पदर लावून उभी, आणि हा वरून सांगतोय, "अगो, हितनं आपलं घर दिसतंय. कौलं सरकलीत."

दिल्लीत यानं टांगेवाल्यांना दोर धरायला लावले आणि 'हैसा… हो' शिकवलं. ते हिंदीत ओढत होते, म्हणून चढण जड गेली, असं त्याचं मत होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या देवळात दारावरच्या म्हाताऱ्यानं खुणेनं सांगितलं, गाडी आत नाही न्यायची. साडू म्हणाला, "ही गाडी न्हाय, माझे पाय हायत. चपला बाहेर ठेव म्हणशील तर ठेवतो. पाय कसे ठेवू?" त्या म्हाताऱ्याला आमची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण त्यानं थोडा विचार केला, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि तिन्ही चाकं स्वतः धुतली. पाय धुतले की देवळात जाता येतं, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

काशीला मीही बरोबर होतो, आणि तिथं मात्र हद्द झाली. नावेत बसून घाटाशी आलो, तर वर पायऱ्याच पायऱ्या. हा नावाड्याला म्हणाला, "घाई नको. भरती आली की पाणीच वर नेईल." नावाडी म्हणाला, "कैसी भरती, बाबा?" साडू ऐकेना. ही समुद्राला मिळते ना, मग भरती यायलाच पाहिजे. मलाही ते पटलं होतं, हे सांगायला मला लाज नाही. ज्यानं खाडी पाहिली त्याला पटेलच. एका भरतीची वेळ आम्ही नावेत बसून काढली. गंगा बोटभर चढली नाही. उन्हं कलल्यावर साडू नदीकडं बघून म्हणाला, "मोठी हाय, पण शिस्त न्हाय." मग नावाड्यांनी दोर काढले. त्यांना काही शिकवावं लागलं नाही, होडी ओढणारे सगळीकडं सारखेच.

एवढं सगळं झालं, आणि घरचा देव राहिला. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा म्हणजे देवळामागच्या कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरायच्या आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत देवळाशी यायचं. भरती लागली की वाट बंद. "ही झाली की घरी बसतो," असं त्यानं मेव्हणीला कबूल केलं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, तेवढी नीट करून आणा. मंग मी सुटले."

वाडीच्या माणसांनी त्याला दोरानं पायऱ्यांवरून खाली उतरवलं. खाली सपाट खडक दिसल्यावर यानं त्यांना होड्यांकडं परत पाठवलं. पुढं आम्ही दोघंच. लाटांनी कोरलेलं प्रत्येक भोक याला बघायचं होतं. "रामेश्वरात असलं न्हाय," म्हणायचा आणि पुन्हा थांबायचा. अर्ध्याच्या पुढं आलो आणि लहान चाक खडकाच्या फटीत अडकलं. मी ओढलं, ढकललं, पहार असती तर खडक फोडला असता. तोवर समुद्र फिरला. पाणी माझ्या घोट्याला आलं, मग पोटरीला.

"तू जा," तो म्हणाला. "माणसं घेऊन ये."

"खुर्ची सुटल्याबिगर जात न्हाय."

"खुर्ची माझी हाय."

"केली कुणी?"

"बुडशील, गाढवा."

"बुडेन."

मी त्याला पाठ देऊ केली नाही. दुसऱ्याचा शब्द मोडायला लावणारा मी नव्हे. एक लाट खुर्चीच्या पेटीवर आपटून माझ्या छातीपर्यंत उडाली. साडू माझ्याकडं बघत राहिला. मग दोन्ही हात पुढं केले.

"वळ तिकडं," म्हणाला.

मी वळलो. त्याचे हात गळ्याभोवती पडले. आम्ही चार खडक पुढं गेलो असू तोच वजन हलकं झाल्यानं खुर्ची लाटेवर सुटली आणि सरळ उभी, एक थेंब आत न घेता, जंजिऱ्याकडं निघाली. पाठीवरून आवाज आला, "बघ. आपल्या आधी निघाली." थोड्या वेळानं म्हणाला, "तुझा डावा खांदा पडतो. होडी कलते." देवळाशी पोचेपर्यंत तो हेच सांगत होता.

मी दुसरी खुर्ची करतो म्हटलं. "नको. बायकोला बोललोय," म्हणाला आणि ओट्यावर बसला तो बसला. लोकांना सांगायचा, खुर्ची समुद्रानं मागितली, दिली. पुढलं त्यानं कुणाला सांगितलं नाही. मेव्हणीच्या लक्षात आलं असावं, कारण त्या दिवसापासून ती मला पहिलं ताट वाढू लागली.

काही वर्षांनी तो झोपेत गेला. तिरडी काही ओढत नेत नाहीत, तिथं त्याचा इलाज नव्हता. चौघं पुढं झाले. मागं कुणीतरी सवयीनं हळूच 'हैसा' म्हटलं आणि त्याला कुणी गप्प केलं नाही. मी मुद्दाम डावा खांदा दिला, आणि वाळूतून चालताना तो खांदा कुठंही पडू दिला नाही.