कांद्यावरची मूठ

कोगनोळीच्या भूपालआण्णा मगदुमांना सिनेमाचा नाद होता, पण गोष्टीचा नव्हे. हिरो कोण, मेलं कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. सिनेमा घडतो कुठं, एवढंच ते बघत.

तरणेपणी बर्फ लागायचा. हिरोईन पातळ साडीत बर्फावर लोळायला लागली की निपाणीच्या थेटरात हेच अंग चोरून बसायचे. पुढं लग्न झालं, तंबाखूच्या खकाण्यात शिंकून शिंकून नाक लाल झालं आणि बर्फाचा वीट आला. मग बंगले धरले. दोन्हीकडून उतरणारा जिना, वर झुंबर, खाली सगळं खानदान एका टेबलाला. ते पण नासलं. "एवढ्या फरशीवर केर काढताना कोण दिसत न्हाई. थू!" असं म्हणत साठीच्या आसपास आण्णा मातीवर आले. आता त्यांना तंबाखूचं रान, कौलारू घर आणि आपल्यासारखी माणसं बघायची होती.

पण पडद्यावरचं खेडं बघून त्यांना मळमळायचं. बाया गालाला काजळी फासून फिरणार, म्हातारे उगाच खोकणार आणि भाषा तर विचारूच नका. आण्णा नाक दाबून नक्कल करायचे, "आवं पावनं, बसा की वं! असं कोण बोलतंय रं आपल्यात? नाकात कापूस कोंबलाय काय?" म्हणून त्यांची एकच इच्छा उरली होती. आपलं घर, जसं आहे तसं, एकदा पडद्यावर दिसावं.

आणि एके दिवशी पुण्याचा निनाद नावाचा डायरेक्टर त्यांचं कौलारू घर बघून दारातच थांबला. त्याला एका जाहिरातीत शेतकऱ्याच्या घरचं जेवण दाखवायचं होतं, आणि जेवायला खुद्द आण्णाच बसणार होते. बायकोला, राजमतीला, न विचारताच आण्णांनी होकार देऊन टाकला.

ठरल्या सकाळी मंडळी आली. फ्रिजवर पोती टाकली. राजमतीनं पुसून लख्ख केलेल्या फरशीवर घमेल्यानं माती ओतली. खिडक्यांना काळं कापड लावून भर सकाळी रात्र केली. आण्णांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला एका पोरीनं चिखल लावला आणि लांबून बघून म्हणाली, "अजून थोडा."

निनाद आण्णांशी बोलताना नाकात बोलायचा, "आन्ना, झ्याक बसलाय बगा!" आणि वळून आपल्या माणसांना, "अरे, लाइट सॉफ्ट कर ना यार." एकाच तोंडात दोन जिभा. आण्णांच्या अंगावर काटा आला.

"आता रातीचं जेवान हाय आन्ना. मुठीनं कांदा फोडायचा."

"रातचं?" आण्णा म्हणाले. "आमी जैन. दिस मावळायच्या आत आमचं जेवण उरकतंय. आनी कांदा घरात येत न्हाई."

निनाद नाकातून बाहेर आला. "आण्णा, शेतकरी म्हटला की प्रेक्षकांना कांदा लागतो. नाहीतर कन्फ्यूज होतात."

"मी तर झालो न्हाई अजून."

"खाऊ नका हो. नुसता फोडा. नाहीतर पलीकडे गुंडूंचं घर आहेच. ते तयार आहेत."

गुंडूचं घर! शौचालयाला कौलं घातलेला माणूस तो! आण्णांनी हिशेब केला. फोडायचा, खायचा न्हाई. म्हणजे निम्मंच पाप. राजमती सैपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडं न बघता त्यांनी मूठ उचलली आणि हाणली.

कांदा फुटला. रस चुलीपर्यंत उडाला. राजमतीनं नाकाला पदर लावला.

"माझ्या चुलीम्होरं?" एवढंच ती म्हणाली.

"कट! अप्रतिम!" निनाद ओरडला. "आता फक्त एक घास. ओठांना लावल्यासारखं करा."

आण्णांच्या बोटांना तो उग्र, चिकट वास लागला होता. त्यांनी हात सदऱ्याला पुसला, पण वास जाईना. कांद्याचा कमी, स्वतःच्या मुठीचा जास्त. "साकु!" ते कानडीत ओरडले, बास झालं म्हणून, आणि ताट सरकवून उठले. "माती गोळा करा. चला, भाईर!"

मंडळी गुंडूकडं गेली. राजमतीनं चूल धुतली, भिंत धुतली, ते ताट भंगारात टाकलं आणि कितीतरी दिवस घरामागच्या परड्यात सैपाक केला. नवऱ्याशी बोलायची ती फक्त नातीमार्फत. "श्रद्धा, आजोबास्नी म्हण, आमटी निवली."

जाहिरात आली तेव्हा श्रद्धा मोबाइल घेऊन धावत आली. घास गुंडूनं खाल्ला होता. पण कांद्यावर पडणारी मूठ आण्णांची होती, नागिणीच्या वेटोळ्यासारखी जुनी अंगठी घातलेली, पडदाभर मोठी. दुसऱ्या दिवशी आण्णा बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला गेले तर तिथला पुजारी परशराम उपाध्ये हळूच म्हणाला, "काय भूपालआण्णा, कांदा कवळा हुता काय?"

त्या दिवसापासून आण्णांना माती पण नको झाली. गावाचा सिनेमा लागला की ते "शी!" म्हणून चॅनल बदलतात. आता त्यांना अंतराळ लागतं. काळोख, चांदण्या, कुणाचं घर न्हाई की दार न्हाई. परवा असाच एक सिनेमा बघताना यानातला माणूस नळीतून काहीतरी तोंडात पिळून घेत होता. आण्णांना राहवलं नाही.

"त्यात लसूण असंल काय गं?"

राजमती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण नातीला मध्ये न घेता बोलली.

"असला तर काय? तुमी काय, फोडशीला की."