आंदणाच्या गाईचं वासरू

वडिलांनी लग्नात मला आंदण दिलेली गाय लोहाऱ्याजवळ आमच्या सासरच्या गोठ्यात व्याली, आणि तिची वार काही पडेना. आमच्याकडं वार पडल्याशिवाय वासराला कासेला लावत नसत. तोवर गुळाचं पाणी. संध्याकाळी कास तटतटून फुगली, तेव्हा सासूबाईंनी चीक काढला. मी त्याचा खरवस करून शेजारच्या पाच घरी वाटला. खरवस झकास झाला, असं पाचही घरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी गाय मेली.

मागं राहिली ती कालवड. ती जगली तर माझी गाय पुन्हा दावणीला उभी राहणार होती, आणि त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. नवऱ्यानं बाजारातून रबरी बोंड आणलं. ते औषधाच्या बाटलीला बसवून मी म्हशीचं दूध पाजू लागले. आपण फार शहाण्या, म्हणून तिची मान पार वर धरली. तिला ठसका लागला, दूध नाकातून आलं.

दुसऱ्या दिवसापासून पांढरी हगवण लागली. शेपटी चिकटायची, मी कोमट पाण्यानं धुवायचे. सासूबाई म्हणाल्या, "पोटाला डाग द्या, थांबंल." विळा तापवला. पाय मीच धरले होते. हगवण थांबली नाही.

शेवटी नवरा सायकलवरून जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी कालवडीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटलं होतं.

"मीठ-गुळाचं पाणी थोडं थोडं पाजा, मान जास्त वर करू नका," ते म्हणाले. मग विचारलं, "पहिल्या दिवशी चीक किती पाजला?"

"वार कुठं पडली होती?" सासूबाई म्हणाल्या.

"वारेसाठी थांबायचं नसतं, आजी. चीक हेच तर तिचं औषध होतं."

मला सासूबाईंचा राग यायला हवा होता. आला नाही. खरवसात वेलदोडा मी घातला होता, आणि कढईच्या कडेचा भाग मीच खाल्ला होता. दुपारी मी कालवडीला पाणी पाजलं, संध्याकाळी पाजलं. सकाळी ती ताठ झाली होती. मी बाटली धुतली आणि भाकरी करायला बसले. रडू येईल असं वाटत होतं, पण ते आलं नाही.

गाय गेल्याचा निरोप वडिलांना मिळाला होता, पुढचा नाही. चार दिवसांनी ते एसटीनं आले. कालवडीच्या गळ्यात बांधायला घुंगरू आणलं होतं. मी सांगितलं तेव्हा ते रिकाम्या दावणीपाशी खाली बसले.

"तू हयगय केली नसशील, बाय, मला ठाव हाय," ते म्हणाले. "चीक तरी पोटभर मिळाला का तिला?"

"व्हय," मी म्हणाले. "लई प्याली."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं.