घोरण्याचा दावा

ही गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं तांदूळ निवडत भांडलो. ती म्हणाली, "तुम्ही घोरता." मी म्हणालो, "न्हाय."

परवा कोर्टात शेजाऱ्यावर टाकलेल्या माझ्या भिंतीच्या दाव्याची तारीख होती. बाकावर एक अनोळखी म्हातारा शेंगा फोडून टरफलं टोपीत गोळा करत होता. मी त्याला म्हणालो, "आज शेजाऱ्याला आधी पिंजऱ्यात घालतील."

"पावणं, दावा तुमचा न्हवं? मग आधी तुम्हीच. म्हणणाऱ्यानं दाखवायचं. न्हाय म्हणणाऱ्याचं काय जातंय?"

म्हणजे चाळीस वर्षांचं घोरण्याचं भांडण मी जिंकलो की. त्याला ते सांगितलं आणि आम्ही दोघं असं हसलो की पट्टेवाला धावत आला. म्हाताऱ्यानं टोपी पोटाशी धरली, तरी टरफलं सांडलीच.

"वहिनींकडं साक्षीदार हाय का?" त्यानं डोळं पुसत विचारलं. "नसला तर त्यांचा दावा बुडाला."

ती वारल्याचं मी त्याला सांगितलं न्हाय. पण असलं जिंकणं मला नको झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भिंतीवरनं मी शेजाऱ्याला हाक मारली. "मी घोरतो का रं?"

"व्हय की. भिंत हादरती."

"मग चहाला ये. आमच्या हिचा साक्षीदार हाईस तू."